बांधणी झाली, राखणी कोणाची?

(तिगाव येथील सभेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाभागात आम्ही बोलावयास उभे राहिलो म्हणजे आमचा विषय श्रोत्यांस आधीच ठाऊक असतो. आज त्या विषयाची पुनरुक्ती करण्यासाठी आम्ही येथे आलेलो नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जी रेघ पक्की झाली ती न्याय्य की अन्याय्य, ह्याविषयी आमचे मत बदललेले नाही. तो लढा त्याच्या मार्गाने चालला आहे, चालेल. परंतु उन्हाळ्यात विहीर आटते ती कोणाची मातृभाषा विचारून आटत नाही. नरखेडात आटते तशीच पांढुर्ण्यात आटते, वरुडात आटते तशीच सौसरात आटते. म्हणून आज आम्ही पाण्याविषयी, आणि पाण्यावर खर्च होणाऱ्या पैशाविषयी बोलणार आहो. हा पैसा तुमचा आहे. तो मागताना आपण सारे मोठ्याने ओरडतो. तो खर्च झाल्यावर त्याचे काय झाले हे विचारताना मात्र आपला घसा बसतो.

प्रथम तुम्ही कोठे बसला आहा हे पाहा. नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी पांढुर्णा सोडते, हतनापूर मागे टाकते आणि तिगावास येते. तिगावापुढे चिचोंड्याचा घाट लागतो. त्या घाटाच्या माथ्यावर मुलताई आहे, आणि मुलताई म्हणजे तापीचे मूळ. वर्धा नदीही त्याच मुलताईच्या परिसरात जन्म घेते. दोघी जवळजवळ एकाच ओटीत जन्मल्या, परंतु एक पश्चिमेस सुरतेकडे गेली आणि दुसरी विदर्भातून दक्षिणेस वळली. इकडे पांढुर्ण्यातून जाम वाहते, ती सौसरकडे जाऊन कन्हानला मिळते. कन्हान नागपूरकरांची तहान भागवीत वैनगंगेस मिळते. आणि वर्धा व वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती गोदावरीस मिळते. तेव्हा तुमच्या शिवारातले पाणी जामेत उतरो की वर्धेत, त्याचा शेवट आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात आहे. तुम्ही पाणलोटाच्या माथ्याशी बसला आहा. माथ्यावर बसणाऱ्याचे एक दुर्दैव असते: पाणी प्रथम त्याच्याकडे येते आणि प्रथम त्यालाच सोडून जाते.

आता किती पाणी येते, ह्याचा हिशेब शाळेतला मुलगाही करील. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला तर ते पाणी सुमारे १ लाख ३ हजार लिटर भरते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दहा टँकर! २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. पहिली गाडी दहा वाघिणींची होती आणि तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशाने त्या गाडीची छायाचित्रे पाहिली. पाच एकरांवर पडलेल्या एका इंच पावसात तेवढेच पाणी असते. तुमच्या गावातल्या एखाद्या मध्यम बागाईतदाराच्या बांधावरून आषाढातल्या एका दुपारी अशी एक गाडी निघून जाते, आणि तिला हिरवी झेंडी दाखवावयास कोणीही मंत्री येत नाही.

कोणी म्हणेल, हे पाणी अडवा, जिरवा असे आम्ही लहानपणापासून ऐकतो आहो. नवीन काय सांगता? खरे आहे. अडवण्याजिरवण्याच्या घोषणांचा आता वीट आला आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. आपल्या देशात, रेघेच्या ह्या अंगास आणि त्या अंगासही, पाण्याची बांधकामे थोडी झाली नाहीत. पैसाही थोडा खर्च झाला नाही. बांधलेले राखले गेले नाही, आणि राखणे कोणाचे हे कधी ठरलेच नाही, हे आमचे दुखणे आहे. बांधणीस कंत्राटदार असतो, कोनशिला असते, समारंभ असतो. राखणीस ह्यांपैकी काहीच नसते.

तुम्ही संत्र्याची बाग करणारे लोक आहा, म्हणून दुष्काळ म्हणजे काय हे तुम्हांस इतरांहून अधिक सूक्ष्मपणे कळते. आंबिया बहार धरावयाचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडास ताण द्यावा लागतो. मृगाचा धरावयाचा तर मे महिन्यात पाणी तोडावे लागते. झाड सुकू लागते, पाने मलूल होतात, आणि नेमक्या वेळी पाणी सोडले की फुलोरा येतो. म्हणजे दुष्काळाचा एक लहानसा तुकडा तुम्ही स्वतःच्या हाताने बागेत आणता आणि स्वतःच्या हाताने परत पाठवता! पण तो परत पाठवता येतो, कारण विहिरीत पाणी असते. ज्या वर्षी विहिरीत पाणी नसते त्या वर्षी तोच ताण झाडाचा गळा घोटतो. गव्हाचे पीक गेले तर एक वर्ष जाते. बाग गेली तर पाचसहा वर्षे वाढवलेले लेकरू जाते.

मग माणूस काय करतो? बोअर मारतो. एक कोरडा गेला तर दुसरा मारतो. विहिरीच्या पोटात आडवे बोअर घेतो. ह्यात त्याचा दोष नाही. बुडत्याने काडी पकडावी तसे ते आहे. परंतु आपल्या पायांखालचा खडक कोणता आहे, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. हा काळा दगड ज्वालामुखीच्या रसाचे थर साचून झालेला आहे. वरचा मुरूम आणि दगडातल्या भेगा, एवढेच त्याचे पाण्याचे कोठार. ते कोठार उथळ आहे, पावसाने भरते आणि उपशाने रिकामे होते. खाली खोल गेलो म्हणजे अक्षय पाताळगंगा लागेल ही कल्पना मनोहर आहे, पण ती ह्या खडकास मान्य नाही. खोल बोअरला जे पाणी लागते ते पुष्कळदा शेजाऱ्याच्या विहिरीचेच असते. फक्त ते आता अधिक खालून आणि अधिक विजेने वर येते. पलीकडे वरुड तालुका पाहा. तेथील संत्रा तुमच्या संत्र्याचा सख्खा भाऊ. तो तालुका भूजलाच्या दृष्टीने अतिशोषित ठरला आहे. जेवढे पाणी मुरते त्याहून अधिक उपसले जाते, असा त्या शब्दाचा साधा अर्थ आहे. वरुडाने जे केले ते आपण पंचवीस वर्षे उशिरा करावे, एवढीच आपली महत्त्वाकांक्षा आहे काय?

आता बांधणी आणि राखणी ह्यांचा इतिहास थोडा विस्ताराने सांगतो, कारण सारा प्रश्न तेथेच अडला आहे.

छिंदवाड्याकडे देवगडचा किल्ला आहे. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शहा हा देवगडचाच गोंड राजा. त्या देवगडात आठशे बावड्या आणि नऊशे विहिरी होत्या असे लोक सांगतात. आकड्यास कोणी शपथपूर्वक साक्ष देणार नाही. परंतु गाळाखाली आणि झुडपाखाली गाडलेल्या कित्येक बावड्या अलीकडच्या वर्षांत उपसल्या गेल्या आणि त्यांच्यात पुन्हा पाणी दिसले, हे खोटे नाही. पूर्वेस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जा. तेथे कोहळी समाजाच्या पाटलांनी आणि मालगुजारांनी बांधलेले तलाव आणि बोड्या सात हजारांच्या घरात आहेत. नवेगावचा बांध त्यांतलाच. जंगल तोडून जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, असा त्या काळचा रिवाज होता. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी रयत पाळीवर माती टाकी, गाळ काढी, सांडवा नीट करी. ह्यात जुलूम होता, वेठ होती. मालगुजारी गेली ह्याबद्दल आम्ही एक अश्रूही ढाळणार नाही. १९५० साली जुन्या मध्य प्रदेशात मालकी हक्क नष्ट करणारा कायदा झाला तेव्हा हा जिल्हा आणि तो प्रदेश एकाच नागपूर राजधानीखाली होते. तलाव सरकारजमा झाले. मालक गेला ते ठीकच झाले; परंतु मालकाबरोबर पाळीवरची मातीची पाटीही गेली. वेठ संपली आणि तिच्या जागी हक्काची, मजुरी देऊन घेतलेली राखण यावयास हवी होती, ती आली नाही. निस्तार हक्क कागदावर राहिले, पाणी गाळावर राहिले.

मोठ्या धरणांची कथा ह्याहून निराळी नाही, फक्त आकडे मोठे आहेत. तुमच्याच कन्हानचे पाणी जेथे जाऊन पोहोचते त्या वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची कोनशिला एप्रिल १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्ते बसली. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. पुढे खर्च १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला, आणि तीन तपे लोटली तरी कालव्यांची कामे संपली नव्हती. महाराष्ट्राच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीवरून केवढा गदारोळ झाला ते आठवा: दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्च आणि सिंचनाखालच्या क्षेत्रात वाढ ०.१ टक्का! त्या आकड्यावर वाद झाले, २०१२ साली श्वेतपत्रिका निघाली, खुलासे झाले. परंतु कोरड्या पाटाशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला श्वेतपत्रिकेने पाणी देता येत नाही.

आणि बांधलेले न राखल्याने केवळ पाणी जाते असे नाही, माणसेही जातात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. ते धरण काही पेशवाईतले नव्हते. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. दुर्घटनेनंतर एका मंत्र्याने सांगितले की, खेकड्यांनी धरण पोखरले. खेकडे बिचारे कोकणात परशुरामाच्या काळापासून आहेत. त्यांच्यावर खटला भरता येत नाही, एवढाच काय तो त्यांचा दोष! हे सांगताना आम्ही रेघेच्या अलीकडच्या सरकारास मोकळे सोडतो आहो असे कोणी समजू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये ह्याच मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात कारम नदीवरचे ३०४ कोटींचे धरण पहिल्याच भरणीत झिरपू लागले, गावे रिकामी करावी लागली, सैन्य बोलवावे लागले आणि शेवटी बाजूने चर खणून पाणी सोडून द्यावे लागले. तेथे मनुष्यहानी टळली, हे भाग्य.

येथे आम्ही थोडे दूर, समुद्राकडे जाणार आहो. समुद्राशी तिगावचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, ज्या दोन समुद्रांस तुमच्या घाटाच्या दोन अंगांचे पाणी मिळते, त्या दोन्ही किनाऱ्यांवर माणसाने पाण्याशी केलेल्या व्यवहाराचा निकाल लागतो आहे. तापीवर उकाईचे मोठे धरण आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये धरण आधीच बरेच भरलेले, वर पाऊस धो धो, आणि पाणी सोडावे तर खाली सुरत. शेवटी सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि तापीच्या मुखाशी वसलेले ते श्रीमंत शहर बहुतांशी पाण्याखाली गेले. धरण दुष्काळासाठी भरून ठेवावे की पुरासाठी रिकामे ठेवावे, हा प्रश्न पावसाळ्याच्या प्रत्येक आठवड्याला नव्याने सोडवावा लागतो. तो काँक्रीट सोडवीत नाही, दारावर बसलेला शहाणा माणूस सोडवतो. पूर्वेस गोदावरीच्या मुखाशी ह्याच्या उलट दुःख आहे. नदीने आणलेल्या गाळावर तो त्रिभुज प्रदेश उभा राहिला. वरच्या धरणांनी गाळ अडवला, आणि आता काकीनाड्याजवळच्या उप्पाडाचा किनारा समुद्र खात सुटला आहे. ज्या गाळाने तलाव निकामी होतात त्याच गाळावाचून किनारा निराधार होतो! १९९६ च्या नोव्हेंबरातील वादळाने त्याच कोनसीमेत हजाराहून अधिक बळी घेतले होते.

कोकणचे उदाहरण तुमच्या अधिक जवळचे वाटेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या परिसरात जमिनीवर आले आणि नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. बागाईतदाराचे दुःख बागाईतदारालाच कळते. पण आम्हांस सांगावयाचे आहे ते वादळाविषयी नव्हे, बांधाविषयी. कुलाब्याच्या खाऱ्या जमिनीत समुद्राचे पाणी अडवून भात पिकवण्याची विद्या फार जुनी आहे. समुद्राच्या बाजूचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा. त्याची राखण करणाऱ्या शिलोत्र्यास शेतकरी बिघ्यामागे ठरावीक भात देत. म्हणजे राखणीची तरतूद पिकातूनच होत असे. वेगळ्या अनुदानाची वाट पाहावी लागत नसे. पुढे ती घडी मोडली. १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली खार जमिनींचे कायदे झाले, बांध सरकारी खात्याकडे गेले. आता उधाणात बांधास भगदाड पडले म्हणजे शेतकरी अर्ज लिहितो. अर्ज वर चढतो तोवर खारे पाणी शेतात उतरते.

सातासमुद्रापलीकडे हॉलंड देश आहे, त्याचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली. तेथे तेराव्या शतकापासून पाणीमंडळे आहेत. ती लोक निवडतात, ती स्वतःचा कर बसवतात आणि बांध राखतात. १९५३ च्या समुद्रतुफानात तेथे अठराशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर त्यांनी अब्जावधी खर्चून समुद्राची दारे बांधली. परंतु दारे बांधली म्हणून पाणीमंडळे मोडली नाहीत, कर थांबवला नाही. हे आम्हांस त्या दारांहून अधिक विस्मयकारक वाटते.

इतके दूर जाण्याचे कारणही नव्हते म्हणा. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे नावाचा एक अभियंता-उद्योजक येऊन बसला. देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन त्याने भाडेपट्ट्याने घेतली, माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव आणि विहीर केली आणि जे पाणी जमले त्याचा हिशेब मांडला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या मापाने मिळेल: माणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनासही वाटा. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी जाणार नाही. ऊस लावावयाचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः घालावयाचा. पाणी सोडण्यास पाटकरी नेमलेला, त्याचा शब्द अखेरचा. ह्या सर्वांत ‘माणशी’ हा एक शब्द क्रांतिकारक आहे. ज्याचा पाण्यात वाटा नाही त्याला पाळीवर माती टाकण्यास बोलावणे म्हणजे ती जुनी वेठच होय. वाटा दिला तर तो न बोलावता येतो. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची कीर्ती तुम्ही ऐकलीच असेल. १९९० पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तेथे जे घडले त्यात बंधारे होतेच; परंतु शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही हा ठराव बंधाऱ्यांहून मोठा होता. पाऊस संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मगच पिके ठरवते. उलट, महाराष्ट्र सरकारने जलयुक्त शिवार योजनेवर ९ हजार ६०० कोटींहून अधिक रुपये खर्च केले, आणि २०२० साली महालेखापालांनी तपासणी केली तेव्हा ती कामे झालेल्या गावांतही टँकर चालू असल्याचे आढळले. खोदलेला नाला आणि भरलेला नाला ह्यांच्यामध्ये माणसांची बैठक असावी लागते.

आता रेघेचा संबंध येतो, तो टाळून चालणार नाही. पेंच नदी छिंदवाड्यातून नागपूरकडे जाते. चौरईजवळ माचागोऱ्याचे धरण झाले, मध्य प्रदेशने आपल्या वाट्याचे पाणी अडवण्यास प्रारंभ केला, आणि पाऊसही रुसला. जुलै २०१९ मध्ये नागपूर महापालिकेस शहरात दिवसाआड पाणी सोडण्याची पाळी आली. नागपूरने एकदम शोध लावला की, आपले पाणी छिंदवाड्यातून येते! ते अनादि काळापासून तेथूनच येत होते. १९५६ पूर्वी नकाशाने हे सत्य झाकलेले नव्हते, नंतर झाकले. तेव्हापासून कन्हानवर जामघाटचे धरण बांधण्याची बोलणी दोन सरकारांमध्ये पुन्हा पुन्हा निघतात. १० मे २०२५ रोजी भोपाळात दोन्ही राज्यांनी तापीच्या महापुनर्भरण योजनेचा करार केला, तेव्हाही जामघाटचे नाव निघाले. दोन राज्ये एका मेजाशी बसली हे आम्हांस मनापासून आवडले. परंतु आम्ही विचारतो, त्या मेजाशी सौसर-पांढुर्ण्याचा शेतकरी कोठे होता? ज्याची जमीन बुडणार तो एका राज्यात, ज्याचा नळ वाहणार तो दुसऱ्या राज्यात, आणि दोघेही घरी मराठी बोलणारे! नागपूरने पाणी मागावे. तहानलेल्यास पाणी नाकारणे हा आपला धर्म नव्हे. पण नागपूरने पाण्याबरोबर पाणलोटाच्या राखणीचा भागही उचलावा. जो खाली पितो त्याने वर माती टाकण्यास हातभार लावावा, ह्यात अन्याय काय आहे? जामघाट होवो अथवा न होवो, बुडीताखालच्या माणसाचे पुनर्वसन आधी आणि भिंत नंतर, ह्यावाचून आमचा त्यास पाठिंबा नाही.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हाधिकारी कचेरी आता छिंदवाड्यास नाही, तुमच्या दाराशी आहे. ह्याचा उपयोग करा. मध्य प्रदेशात १९८६ चा पेयजल परिरक्षण अधिनियम आहे; त्याखाली जिल्हाधिकाऱ्यास टंचाईग्रस्त प्रदेश जाहीर करून विनापरवाना बोअर थांबवता येतात. हा हुकूम बहुधा उन्हाळा तोंडावर आल्यावर निघतो, म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणण्याऐवजी विहीर आटल्यावर खणणे बंद करणे! तिगावच्या ग्रामसभेने गावच्या पिण्याच्या विहिरीभोवती बोअर न घेण्याचा ठराव स्वतः करावा आणि तो बाराही महिने पाळावा. सरकारच्या हुकमाहून शेजाऱ्याच्या डोळ्यांचा धाक अधिक असतो.

२०१९ पासून घरोघर नळ देण्याची योजना देशभर चालली आहे. नळाची तोटी बसते तेव्हा छायाचित्र निघते. त्या योजनेत गावातल्या बांधकामाच्या खर्चाचा सर्वसाधारणपणे दहावा हिस्सा लोकवर्गणीने भरावा आणि पुढची देखभाल गावच्या समितीने करावी, असा नियम आहे. तुमच्या समितीत कोण आहे, हे येथे बसलेल्यांपैकी किती जणांस सांगता येईल? आम्ही आताच पाहिले, पाणी आणणाऱ्या भगिनी मागे बसल्या आहेत आणि पाण्यावर बोलणारे पुढे. समितीतही हेच चित्र असेल तर तोटी कोरडी राहिल्याचे आश्चर्य वाटावयास नको.

वर्गणीविषयी एक शब्द. बागाईत एकरामागे वर्षाला काही रक्कम राखणीसाठी बाजूस काढा. किती, ते तुम्ही ठरवा. कोरड्या गेलेल्या एका बोअरला काय लागले ते ज्यांचा गेला त्यांना विचारा, आणि त्या पैशांत गावचा किती गाळ निघाला असता ह्याचा हिशेब पारावर बसून करा. ज्याला जमीन नाही त्याने श्रम द्यावे, त्याला मजुरी मिळावी आणि साठलेल्या पाण्यात, मासळीत, गाळात त्याचा लेखी वाटा असावा. दगडाची तर आपल्याकडे वाण नाही! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामेच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहून एका दिवसात जेवढे दगड एकमेकांवर फेकतात, तेवढे नाल्यात नीट रचले असते तर जामेस आजवर कितीतरी बंधारे झाले असते. गोटमार ही श्रद्धेची गोष्ट आहे, तीत आम्ही शिरत नाही. डोकी फुटतात एवढेच आम्हांस दिसते.

आणखी एक काम आहे, ते कोणत्याही सरकारची परवानगी न घेता होण्यासारखे आहे. जाम, वर्धा आणि कन्हान ह्यांच्या माथ्यावरच्या गावांनी, म्हणजे पांढुर्णा-सौसरच्या लोकांनी, मुलताईच्या लोकांनी आणि रेघेपलीकडच्या नरखेड, काटोल, वरुडच्या लोकांनी, वर्षातून एकदा पावसाळा सरल्यावर एकत्र बसावे. आपापल्या विहिरींची पातळी, पडलेला पाऊस, घेतलेले बोअर, फुटलेले बंधारे ह्यांची यादी एकमेकांसमोर ठेवावी. हिंदीत बोलावे, मराठीत बोलावे, गोंडीत बोलावे. दोन सरकारांच्या दोन खात्यांचे नकाशे रेघेपाशी येऊन थांबतात. खालचा खडक थांबत नाही. तो अखंड नकाशा तुम्हीच काढू शकता, कारण कोणत्या विहिरीचा झरा कोणत्या नाल्याशी बांधलेला आहे हे तुम्हांसच ठाऊक आहे. अशी यादी हाती असेल त्या दिवशी जामघाटच्या मेजाशी तुम्हांस खुर्ची मागावी लागणार नाही.

अध्यक्षांपुढे एक वही ठेवली आहे. गावातले जेवढे तलाव, बंधारे, पाझर तलाव आणि सार्वजनिक विहिरी असतील त्यांची नावे आज रात्रीच तीत लिहावी. प्रत्येकापुढे दोन रकाने आहेत: बांधले कोणत्या साली, आणि राखणार कोण. पहिला रकाना सरकारी दप्तरातून भरता येईल. दुसऱ्यात माणसाचे नाव लागेल, आणि ते नाव लिहिण्यास येथे वडीलधारी मंडळी बसली आहेत, तरुण बसले आहेत, मागच्या रांगेत भगिनी बसल्या आहेत. वैशाखापूर्वी त्या नावांनी घाटाखालच्या नाल्यापासून शिवारफेरीस निघावे. आम्ही येऊ.